बारावी झाली, आवड कळत नाही: मेजर (पदवीचा मुख्य विषय) कसा ठरवायचा

'मला नेमकं काय आवडतं तेच कळत नाही' असं म्हणणाऱ्या मुलामुलींनी बहुतेक विषय पाहिलेलेच नसतात, हे आधी लक्षात घ्या. विज्ञान शाखेत दोन वर्षं भौतिक, रसायन, गणित, जीव एवढंच दिसतं, तेही सीईटीच्या चार पर्यायांतून. संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, मानसशास्त्र, भाषाविज्ञान ही नावं प्रवेश अर्जाच्या यादीत पहिल्यांदा समोर येतात आणि अर्जाची मुदत चार दिवसांत संपणार असते. न चाखलेल्या पदार्थांतला आवडता कुठला, असं विचारण्यासारखंच आहे हे. म्हणून आवड शोधत बसू नका, विषय हातात घेऊन बघा. खाली सांगितलेल्या कामाला साधारण तीन आठवडे लागतात. परीक्षा आणि निकाल यांच्या मधला वेळ त्याला पुरतो.

परत फिरता येणार नाही ते आधी बघा

विज्ञानाकडून कला किंवा वाणिज्यकडे कधीही जाता येतं. उलट जाणं प्रत्यक्षात जवळपास अशक्य होतं. बारावीला गणित नसेल तर अभियांत्रिकी आणि आर्किटेक्चर सुटतं, बीएस्सी आयटीलाही अनेक ठिकाणी गणित मागतात. जीवशास्त्र आणि नीट नसेल तर एमबीबीएस सुटतं. बीफार्म आणि बीएस्सी ॲग्रीला मात्र गणिताचा गट चालतो आणि जीवशास्त्राचाही.

एक गोष्ट दरवर्षी मुलांच्या हातून निसटते. बीबीए, बीसीए, बीएमएस हे 'साधे' पदवी अभ्यासक्रम वाटतात, पण २०२४ पासून राज्यात त्यांच्यासाठीही सीईटी आहे. तिचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपासच भरून घेतले जातात. निकालानंतर विचार करू म्हणणाऱ्याला तेव्हा कळतं की अर्जाची तारीख कधीच गेली. मन पक्कं नसेल तर सीईटीचा अर्ज भरून ठेवा. परीक्षा दिली म्हणून प्रवेश घ्यावाच लागतो असं नाही.

आता दुसरी बाजू. ज्यांची सर्वांत जास्त धास्ती असते त्या बऱ्याच वाटा मेजरवर अवलंबूनच नसतात. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, एमपीएससीची राज्यसेवा, बँकांच्या परीक्षा, एमबीए, तीन वर्षांचं एलएलबी या सगळ्यांना कुठल्याही विषयाची पदवी चालते. सीए फाउंडेशनला बारावीची शाखा विचारत नाहीत. 'इतिहास घेतला तर कलेक्टर होता येईल का', 'बॉटनी घेतलं तर वकिली बंद का' हे प्रश्न तुमच्या यादीतून आजच काढून टाका. मेजर खरोखर अडवतो तो पुढे त्याच विषयात एमएस्सी किंवा एमए करताना, शिक्षक होताना आणि ज्या नोकऱ्यांत प्रयोगशाळेतलं किंवा गणिती कौशल्य लागतं तिथे.

नव्या रचनेत तुम्हाला किती मोकळीक आहे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी क्रेडिट रचना आली. एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. त्यात मेजर असतो, मायनर म्हणजे जोडविषय असतो, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला छोटा पेपर असतो आणि कौशल्याचे पेपर असतात. तीन वर्षांत पदवी मिळते, चार वर्षांत ऑनर्स.

तुमच्यासारख्या अनिश्चित विद्यार्थ्याच्या कामाची गोष्ट ही आहे: काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने घेता येतात आणि मेजर दुसऱ्या वर्षी ठरतो. काही ठिकाणी मात्र मेजर पहिल्याच सेमिस्टरला ठरवावा लागतो. जवळच्या दोन महाविद्यालयांपैकी एक पहिल्या प्रकारचं असेल तर त्याला प्राधान्य द्या, नाव थोडं कमी असलं तरी. प्रवेश खिडकीवर 'मेजर केव्हा ठरतो आणि एफवायनंतर (पहिल्या वर्षानंतर) बदलता येतो का' एवढंच विचारा आणि उत्तर माहितीपुस्तिकेत दाखवायला सांगा. खिडकीवरच्या तोंडी आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही.

ओपन इलेक्टिव्ह बहुतेक मुलं 'सोपं कुठलं' बघून घेतात. वाया जाते ती संधी. विज्ञानाच्या मुलाला मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र दोन क्रेडिटांत चाखता येण्याची तेवढीच एक खिडकी असते.

तीन विषयांची यादी

वहीचं एक पान घ्या. त्यावर 'मला काय आवडतं' असं लिहू नका, त्या प्रश्नावर पान कोरंच राहतं. गेल्या दोन वर्षांत कोणी न सांगता तुम्ही काय केलंत ते लिहा. गणिताचं एखादं उदाहरण दुसऱ्या रीतीने सोडवून पाहिलं, क्रिकेटच्या सरासऱ्या काढल्या, धाकट्या भावाला शिकवलं, मोबाइल उघडून बॅटरी बदलली, सोसायटीच्या सभेत कोण का भांडतं याचा विचार केला, गावातल्या जुन्या शिलालेखाचे फोटो काढले. दहा ओळी तरी भरा.

मग प्रत्येक ओळीसमोर लिहा की त्यात तुम्हाला गुंतवून काय ठेवत होतं: आकडे, माणसं, वस्तू, भाषा की क्रम लावणं. इथे तीन गोष्टी वेगळ्या काढा, कारण त्या आवडीसारख्या दिसतात पण आवड नसतात. पहिली, शिक्षक. बाई छान शिकवायच्या म्हणून जीवशास्त्र आवडायचं, बाई बदलल्या की आवड गेली. दुसरी, गुण. ९२ मिळाले म्हणजे तो विषय आपला, असं नसतं, त्या वर्षीचा पेपर तसा असेल. तिसरी, मित्र. अख्खा ग्रुप कॉम्प्युटर सायन्सला जातोय म्हणून.

कल चाचणी द्यायला हरकत नाही, पण ती काय मोजते ते समजून द्या. रुची मोजणारी चाचणी तुम्हाला काय आवडेलसं वाटतं तेच विचारते, क्षमता मोजणारी अभियोग्यता चाचणी वेगळी असते. दोन्ही देऊन, प्रशिक्षित समुपदेशकाशी तासभर बोलायला मिळत असेल तरच पैसे खर्च करा. नुसता रंगीत आलेखांचा अहवाल हातात ठेवणाऱ्या चाचणीतून मेजर ठरत नाही.

शेवटी यादीत तीन विषय ठेवा. तिन्ही एकाच कुळातले नकोत. भौतिक, रसायन आणि इलेक्ट्रॉनिक्स अशी यादी केलीत तर तुलना करायला काही उरत नाही. एक तरी विषय शाळेत कधी न शिकलेला हवा.

टीवायचा (तिसऱ्या वर्षाचा) पेपर उघडा

विषयाची ओळख पहिल्या वर्षाच्या पुस्तकावरून करू नका. पहिलं वर्ष सगळीकडे गोड असतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम पीडीएफमध्ये असतात, तिथून तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस आणि जुनी प्रश्नपत्रिका काढा. उत्तरं यायची गरज नाही. फक्त प्रत्येक प्रश्नातलं क्रियापद बघा: सिद्ध करा, मोजा, आकृती काढा, तुलना करा, टीप लिहा, प्रोग्राम लिहा. ते क्रियापद म्हणजे तुमची पुढची तीन वर्षं.

मग टीवायच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून प्रॅक्टिकलचं जर्नल मागून बघा. सिलॅबसमध्ये जे कळत नाही ते जर्नलमध्ये कळतं. मायक्रोबायोलॉजीचं घ्या. 'जिवाणूंबद्दल कुतूहल आहे' म्हणून मुलं येतात. जर्नलमध्ये ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे रंगावरून जिवाणूंचे दोन गट ओळखण्याची रीत असते: काचपट्टीवर पातळ थर पसरवायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा, एक मिनिट क्रिस्टल व्हायोलेट, धुवायचं, एक मिनिट आयोडीन, धुवायचं, काही सेकंद अल्कोहोल, धुवायचं, मग सॅफ्रानिन. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं तर जांभळे दिसायला हवेत ते जिवाणूही गुलाबी दिसतात. कमी राहिलं तर गुलाबी हवेत ते जांभळे. थर जाड झाला तर काहीच नीट सांगता येत नाही. मग पुन्हा नवी काचपट्टी. हे वाचताना 'अरे, परत करून बघू' असं वाटत असेल तर विषय तुमचा असण्याची शक्यता आहे. 'यंत्राने होत नाही का हे' असं वाटलं, तर जिवाणूंवरचे व्हिडिओ बघणं आवडतं, विषय नाही.

मानसशास्त्राबाबत तर हे आवर्जून करा. लोकांशी बोलायला आवडतं म्हणून हा विषय घेणाऱ्यांना प्रयोग, अहवाल आणि संख्याशास्त्र अनपेक्षित येतं. शिवाय बीएवर समुपदेशनाचं दुकान थाटता येत नाही. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ व्हायला पुढे एमए आणि भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण व नोंदणी लागते. अर्थशास्त्रातही तसंच. बीएला गणित फारसं टोचत नाही, पण चांगल्या संस्थेत एमए किंवा एमएस्सी करायची म्हटली की कलन (कॅल्क्युलस) आणि संख्याशास्त्र समोर उभं राहतं.

चौदा दिवसांची चाचणी

हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी भाग आहे आणि बहुतेक जण तोच गाळतात.

तीन विषय, प्रत्येकाला चार बैठका, एक बैठक ४५ मिनिटांची. बारा दिवस त्यात जातात, दोन दिवस वाचून ठरवायला. विषय रोज आलटून पालटून घ्या. सलग चार दिवस एकच विषय केलात तर नावीन्य संपल्याचा कंटाळा आणि विषयाचा कंटाळा वेगळा काढता येत नाही. साहित्य फुकट मिळतं: ई-बालभारतीवर मानसशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, भूगोल यांची अकरावी-बारावीची मराठी पुस्तकं आहेत, एनपीटेल आणि स्वयम् या मंचांवर पदवीची व्याख्यानं आहेत, मराठीतून पदवीच्या पातळीचं वाचायचं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पुस्तकं आहेत.

चार बैठकांपैकी वाचन एकच. उरलेल्या तिन्हींत काहीतरी करायचं. नुसते व्हिडिओ बघून चाचणी फसते, कारण चांगलं सांगितलेलं काहीही ऐकायला बरं वाटतं. ऐकण्याचा आनंद विषयाचा नसतो, सांगणाऱ्याचा असतो.

मानसशास्त्राची चाचणी घरात कशी होते ते बघा. साधे, एकमेकांशी संबंध नसलेले २० शब्द लिहा: चमचा, डोंगर, पाकीट, बैल असे. घरातले, शेजारचे मिळून दहा जण गाठा. प्रत्येकाला एकेकटं बसवून दोन सेकंदांना एक या गतीने शब्द वाचून दाखवा आणि संपताक्षणी आठवतील तेवढे, कुठल्याही क्रमाने, लिहायला सांगा. मग पहिला शब्द दहापैकी किती जणांना आठवला, दुसरा किती जणांना, असं विसाव्यापर्यंत मोजा आणि आलेख काढा. बहुधा दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली असा आलेख येतो. आता वेगळे २० शब्द घेऊन, वाचून झाल्यावर ३० सेकंद १०० पासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावा आणि मग लिहायला सांगा. शेवटच्या शब्दांचं टोक खाली येतं. असं का, हा प्रश्न तुम्हाला रात्री जेवताना पडला तर वहीत मोठी खूण करा. आलेख काढतानाच जीव गेला असेल तर तेही तितकंच मोलाचं आहे.

संख्याशास्त्रासाठी घरची बारा महिन्यांची वीजबिलं घ्या, हातानेच सरासरी आणि प्रमाण विचलन काढा आणि एप्रिल-मे वगळून पुन्हा काढा. संगणकासाठी पायथनमध्ये पन्नास ओळींचा प्रोग्राम लिहा. त्यातली चूक शोधताना पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही चिडता की चिकटता, तेवढं बघा. इतिहासासाठी आजोबांच्या काळातली एक घटना तीन वयस्कर माणसांना विचारा आणि तिघांच्या सांगण्यात फरक कुठे पडतो, का पडतो, यावर एक पान लिहा.

प्रत्येक बैठकीनंतर तीन गोष्टी लिहा, एकेका ओळीत. घड्याळाकडे पहिल्यांदा कधी पाहिलं? पुस्तकात नसलेला एखादा प्रश्न पडला का? दुसऱ्या दिवशी आपणहून त्या पानाकडे गेलात का? पहिल्या बैठकीच्या नोंदी बाजूला ठेवा. पहिल्या दिवशी नवलाई तरी असते किंवा बिचकणं तरी, दोन्ही खरं सांगत नाहीत. अवघड वाटलं पण परत गेलात, याला सर्वांत जास्त वजन द्या. सोपं गेलं पण कंटाळा आला, तो विषय गुण देईल, तीन वर्षं सोबत करणार नाही.

माणसांना काय विचारायचं

प्रत्येक विषयासाठी दोन माणसं गाठा: एक टीवायची विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी आणि एक त्या क्षेत्रात तीन ते पाच वर्षं काम करणारी व्यक्ती. 'स्कोप आहे का' विचारू नका, त्याला 'आहे ना' हेच उत्तर मिळतं. 'गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?' असं विचारा. 'कुठला पेपर सर्वांत जड गेला, का?' आणि 'तुमच्या वर्गातले पाच जण आज काय करतात?' एवढे तीन प्रश्न पुरतात. मोठ्या माणसाचा वेळ घेताय, तर भेटीला जाण्याआधी प्रश्न पाठवून ठेवा.

महाविद्यालयाची झडती

विषय चांगला आणि महाविद्यालय रिकामं, असं अनेक ठिकाणी आहे. माहितीपुस्तिकेत वीस विषय छापलेले असतात, पण टीवायला पुरेशी मुलं झाली नाहीत तर तो मेजर चालतच नाही आणि मग हाताशी असलेला विषय घ्यावा लागतो. म्हणून विचारा: गेल्या तीन वर्षांत या विषयाचा टीवायचा वर्ग दरवर्षी चालला का, त्यात किती मुलं होती? विभागात पूर्णवेळ किती प्राध्यापक आहेत आणि तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या नेमणुका उशिरा झाल्या की सुरुवातीचे आठवडे तासांविना जातात. या मेजरसोबत कुठला मायनर प्रत्यक्ष मिळतो? कागदावर सगळ्या जोड्या असतात, वेळापत्रकात तास एकमेकांवर येतात.

प्रयोगशाळा बघायला दुपारी जा. बाकांवर ओलं, वापरलेलं सामान दिसायला हवं.

घर आणि पैसा

घरच्यांची काळजी खरी असते, तिला वाद घालून उत्तर मिळत नाही. आई-बाबांसमोर बसताना एक कागद न्या: विषय, टीवायनंतरच्या तीन ठोस वाटा, प्रत्येकीला लागणारी पुढची परीक्षा, चारही वर्षांचा खर्च. खर्चात फीसोबत खोली, खानावळ, प्रवास, जर्नल आणि सहलीचा खर्च धरा. भूगोल, भूगर्भशास्त्र, बॉटनी यांना क्षेत्रभेटी असतात.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर असतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सवलत बहुधा कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) घेतलेल्या प्रवेशालाच लागू होते, व्यवस्थापन कोट्याला नाही. हे न बघता कोट्यातली जागा घेतली तर सगळा हिशेब कोलमडतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणीची कामं मे महिन्यातच सुरू करा. आणि महाविद्यालयाने मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायची म्हटली तर देऊ नका. तपासून परत द्यावी असा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम आहे. मूळ कागद अडकले की दुसरीकडे जाणं अवघड होतं.

ठरवताना आणि ठरवल्यावर

दोन विषय बरोबरीत राहिले तर पदवीबाहेर शिकायला जो अवघड तो मेजर घ्या आणि दुसरा मायनर. तिशीत इतिहास, साहित्य, राज्यशास्त्र स्वतः वाचून पुढे जाता येतं. रसायनाची प्रयोगशाळा किंवा गणिताची शिस्त तेव्हा घरात उभी करता येत नाही. अट एकच, तो विषय झेपत असावा. बारावीचं गणित जेमतेम सुटलेल्याने केवळ या नियमासाठी गणित घेऊ नये.

कॅपचा पर्याय अर्ज भरत असाल तर पहिल्या क्रमांकावर 'बघू तर मिळतं का' म्हणून काही टाकू नका. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात.

प्रवेशानंतर पहिलं सेमिस्टर चाचणीच समजा. सहाव्या आठवड्याला आणि परीक्षेनंतर चौदा दिवसांच्या चाचणीतल्या त्याच तीन प्रश्नांची उत्तरं पुन्हा लिहा. एका पेपरला एटीकेटी लागली म्हणून मेजर बदलू नका. शिकवणं खराब असेल, वेळ कमी दिला असेल, इंग्रजी माध्यमाचा धक्का असेल, त्याला दुसरे उपाय आहेत. गुण बरे असूनही सलग दोन सेमिस्टर प्रॅक्टिकलला जायला पाय निघत नसेल तर मात्र बदलायचा विचार करा. ते दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला करा, टीवायला फार उशीर झालेला असतो. दुसरा विषय सोडवत नसेल तर २०२२ पासून यूजीसी एक नियमित आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन अशा दोन पदव्या एकाच वेळी करू देते.

मधेच थांबावं लागलं तरी मिळवलेली क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये राहतात. एक वर्ष पूर्ण करून सुमारे ४० क्रेडिट आणि ठरलेला चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम केला तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. त्यासाठी अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) पहिल्याच सेमिस्टरला जोडून घ्या आणि प्रत्येक निकालानंतर आपल्या खात्यात क्रेडिट जमा झाली का ते स्वतः उघडून बघा. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर ती जमा होत नाहीत, आणि ही दुरुस्ती एफवायला जितकी सहज होते तितकी टीवायला होत नाही.